मराठवाड्यात बदली झालीय? आधी कान तयार करा

बदलीचा आदेश हातात पडला की माणसं पहिल्यांदा पाण्याचं विचारतात, मग उन्हाचं, मग भाड्याच्या घराचं. भाषेचं कोणी विचारत नाही. मराठवाड्यात मराठीच तर बोलतात, त्यात शिकायचं काय? चिपळूणहून निघताना मलाही असंच वाटलं होतं. २००९ साली बँकेत लागले, पहिली नेमणूक बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाखेत. पुढे देगलूर, उदगीर आणि आता छत्रपती संभाजीनगर.

पहिल्याच आठवड्यात काउंटरवर एक शेतकरी आले. नोटा पुढे सरकवून म्हणाले, "हप्ता भरायलो, मॅडम."

मी थांबले. हप्ता भरायला... पुढे काय? भरायला आलोय, भरायला वेळ द्या, भरायला जमणार नाही? वाक्य पुरं होईल म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि ते माझ्या. शेवटी मीच विचारलं, "भरायला काय?"

"भरायलो!" या वेळी जरा मोठ्यानं. मागची रांग हसली. आमचे शिपाई मामा स्टुलावरूनच म्हणाले, "भरतोय म्हणतेत ते, मॅडम. पैसे घ्या."

शिक्षक, नर्स, ग्रामसेवक, बँकवाले, कंपनीतली पोरं असे जे कोणी नव्याने इकडे येतायत त्यांच्यासाठी हे लिहितेय. क्रम माझ्या चुकांचा आहे, व्याकरणाच्या पुस्तकातला नाही.

१. क्रियापदाचं शेपूट पकडा

शब्द नंतर येतील. आधी चालू काळ कानात बसवा, कारण निम्मा गोंधळ तिथंच होतो. "करतोय" याला इथं "करायलो" म्हणतात. बाई असेल तर "करायले". तू करायलास, ती करायली, ते करायलेत. "काय करायलास?" म्हणजे "काय करतोयस?" आणि "पाऊस यायलाय" म्हणजे पाऊस यायचा बाकी नाही, आत्ता पडतोय. छत्री घ्या.

लातूर-धाराशिवकडे गेलात की त्याचंच "करलालो", "करूलालो" होतं. "कुठं जाऊलालास?", "काय करलालास?" हा 'लाला' पहिल्यांदा ऐकला तेव्हा कोणीतरी लाडात बोलतंय असं वाटलं. मला वाटतं, "करू लागलो" घाईघाईत म्हटलं की तेच होतं. तुम्हीही दहा वेळा भरभर म्हणून बघा. हिंगोली आणि किनवट-माहूरच्या बाजूला विदर्भाचं वारं लागतं, तिथं "करून राहिलो" कानावर पडेल.

मग "आलतो, गेलतो". आलो होतो, गेलो होतो. "काल आलतो, तुमी नव्हता" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते शाखेच्या पाटीवर लिहून ठेवायला हरकत नाही. "करतात, म्हणतात" याचं "करतेत, म्हणतेत" होतं, ते दोन दिवसांत अंगवळणी पडतं.

होकार नीट ओळखा. "व्हय" सगळीकडे आहेच, पण परभणी-नांदेडकडे "हाव" म्हणतात, आणि "हाव ना" म्हणजे पक्कं. "का" विचारायला जालना-बीडकडे "कामून" आहे. "कामून आलात?" हे ऐकून रागावू नका, हाकलत नाहीयेत, चौकशी आहे.

२. वही ठेवा, पण वहीत काय लिहाल ते ठरवा

मी पहिल्या महिन्यात दिसेल तो शब्द लिहीत सुटले. उपयोग शून्य. मग एका सहकाऱ्याने सांगितलं की तुमच्या कामात चुकलं तर पैशांचा किंवा वेळेचा घोळ होईल असे शब्द आधी लिहा. सल्ला सोन्यासारखा होता.

आधी काळाचे शब्द. "आवंदा" म्हणजे यंदा. "गुदस्ता" म्हणजे गेल्या वर्षी; मूळ फारसी 'गुजश्ता', गेलेलं. "सांच्याला" म्हणजे संध्याकाळी. "उलुसं" म्हणजे थोडंसं. "उलुसं थांबा" असं म्हणणारा माणूस अर्ध्या तासाने येऊ शकतो, पण तो शब्दाचा दोष नाही.

मग बाजाराचे. इथं धान्याच्या बाजाराला "मोंढा" म्हणतात. लातूरला गंजगोलाई नावाची बाजारपेठ आहे, पण मोंढा हा शब्द सगळ्यांना कळतो. सकाळी शेतकऱ्याला फोन केला आणि तो "मोंढ्यात हाय" म्हणाला तर माल विकायला गेलाय, म्हणजे दुपारनंतर त्याच्याकडे पैसे असतील. वसुलीच्या माणसाला एवढं पुरे. धान्याच्या पोत्याला "कट्टा", लहान पोत्याला "चुंगडं". सोयाबीन कापून रचून ठेवलं की त्याची "बनिम". ती पावसात सापडली असं कोणी सांगितलं तर ती त्या घरची मोठी बातमी आहे, "अरेरे" म्हणून पुढच्या कागदाकडे वळू नका. शेतातल्या गोठ्या-झोपडीच्या जागेला परभणी-नांदेडकडे "आखाडा" म्हणतात. मी पहिल्यांदा "बाबा आखाड्यावर हायेत" ऐकलं तेव्हा सत्तरीचे गृहस्थ कुस्ती खेळतात की काय, असं वाटून गेलं.

शेत दुसऱ्याला वाट्यानं कसायला दिलं तर ते "बटईनं" दिलं. कर्जाच्या अर्जावर जमीन एकाची आणि पीक दुसऱ्याचं असेल तर बटई आहे का विचारा, लगेच सरळ उत्तर मिळतं. "वाट्याने दिलीय का" असं विचारलं की घरातल्या वाटणीचा विषय निघतो आणि मग संध्याकाळ होते.

कंत्राटदाराला "गुत्तेदार" म्हणतात. पलीकडे तेलंगणातही गुत्तेदारच. जमीन रस्त्यात किंवा धरणात गेली की सरकारकडून मिळतो तो "मावेजा", उर्दूतल्या 'मुआवजा'वरून आलेला. पुण्या-मुंबईकडे ज्याला मोबदला म्हणतात तोच. "मावेजा आला की भरतो" हे वाक्य आलं तर तारीख लिहून घेऊ नका, मावेजा कोणत्या पायरीवर अडकलाय ते विचारा.

आणि आमच्या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द, "नवं-जुनं". जुनं पीककर्ज व्याजासह भरायचं आणि लगेच नवं उचलायचं. नियमावलीत याला लांबलचक नाव आहे, पण ते नाव मी काउंटरवर कधीही उच्चारलेलं नाही. कोणाला कळणारच नाही.

३. हाक कशी मारायची

यात चुकलात तर बाकी सगळी भाषा येऊन फायदा नाही.

वयस्क पुरुषाला "मामा" आणि वयस्क बाईला "मावशी" म्हटलं की सहसा चुकत नाही. बीडकडे वडीलधाऱ्यांना "बप्पा" म्हणतात. लिंगायत घरात "अप्पा" चालतं. मुस्लीम वस्तीत "चाचा", "खाला". बंजारा तांड्यावर गेलात तर आधी "नाईक" कुठे राहतात ते विचारा. तो तांड्याचा प्रमुख.

आता "माय". पीककर्जाच्या रांगेत एक म्हातारी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बस माय, उभी कामून हाईस?" मी तेव्हा सव्वीस वर्षांची, ती पंचाहत्तरीची. मला आई का म्हणतेय हे कळेना. इथं माय ही आई तर आहेच, पण लेकीच्या वयाच्या पोरीलाही मायेनं माय म्हणतात. आणि ठेच लागली, दूध उतू गेलं, हिशेब चुकला तरी "अगं माय!" मुलांना "लेकरं" म्हणतात, ती तिशीची झाली तरी. "लेकरू पुण्याला कंपनीत हाय" म्हणजे त्याला मिशा फुटून दहा वर्षं झालेली असतात.

"माझा बाप", "तुमचा बाप" हे ऐकून दचकू नका, यात अनादर नाही. तुम्ही मात्र "वडील" म्हणा. का, ते पुढच्याच पायरीत.

४. समजून पुरतं घ्या, बोला आपलंच

नव्या माणसांना हौस असते. महिन्याभरात "काय करलालास" म्हणायला लागतात, हेल काढून. माझ्यासोबत लागलेला नाशिकचा एक अधिकारी असं करायचा. त्याला वाटायचं लोक खूश होतात. एकदा एका मामांनी त्याला शांतपणे विचारलं, "साहेब, आमची नक्कल करायलात का?"

हेल उसना घेतला की तो चेष्टेसारखा वाटतो, विशेषतः ज्या माणसांच्या बोलीला टीव्हीवर गडी आणि विनोदवीर यांच्याच तोंडी घातलं जातं त्यांना. म्हणून मी पंधरा वर्षांत एक नियम पाळला. शब्द घेतले, हेल घेतला नाही. मोंढा, बटई, मावेजा, नवं-जुनं हे माझे झाले. क्रियापदं चिपळूणचीच राहिली. घरी कधी "यायले" निघून जातं ते वेगळं.

उलट बाजूही सांगते. तुमची मराठी "शुद्ध" आणि यांची "अशुद्ध" असं मनात असेल तर ते काउंटरवर बसण्याआधी काढून टाका. एकनाथ पैठणचे, जनाबाई गंगाखेडच्या, नामदेवांचं जन्मगाव म्हणून नरसी इथलीच, मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला. मराठी लिहिती झाली त्यातला मोठा भाग याच गोदाकाठी आणि बालाघाटात झाला. बोली ऐकून नाक मुरडणाऱ्या एका साहेबांना मी हे एकदा सांगितलं होतं. त्यांनी विषय बदलला.

५. माणूस बघून भाषा बदलू नका

इकडे आल्या आल्या बाहेरची माणसं एक चूक हमखास करतात. समोर दाढी-टोपी दिसली की हिंदी सुरू. मीही केली. गावातले एक चाचा खातं उघडायला आले. मी म्हटलं, "चाचा, आपका पूरा नाम बताइए." ते म्हणाले, "मॅडम, मराठीत बोला की. हिंदी मला तेवढी येत न्हाई." आणि मग गावाचं, शिवाराचं, वारसांचं सगळं असं सांगितलं की माझ्यापेक्षा त्यांची मराठी घट्ट निघाली.

खेड्यापाड्यांत हे असंच आहे. शहरांत, विशेषतः संभाजीनगरच्या जुन्या भागात, घरी-दारी दखनी ऐकू येते. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली, त्यासोबत उत्तरेची बोली इकडे आली आणि मराठीच्या, तेलुगूच्या, कन्नडच्या संगतीत मुरली. वली आणि सिराज हे दोन मोठे शायर याच औरंगाबादचे.

दखनी शिकायला मराठी माणसाला सगळ्यात सोपी. आपला "नको" तिथं "नक्को" होऊन बसलाय. आपला जोर देणारा "च" तिथं आहे, "वैसाच", "मेरेकूच". "कायकू" म्हणजे कशाला, "हौ" म्हणजे हो. सिनेमातली हिंदी बोललात तर परके वाटाल. "नक्को भाई, अभी नक्को" म्हटलंत की रिक्षावाला लगेच भाडं कमी करेल असं नाही, पण बाहेरचा समजून जास्त तरी सांगणार नाही.

६. जुना कागद समोर आला तर

रोजच्या कामात सातबारा आणि आठ-अ पुरतात. पण वारसाचा वाद, इनामी जमीन, जुनी खरेदी असं काही निघालं की निजामाचं राज्य टेबलावर येऊन बसतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. दरबारी भाषा आधी फारसी, १८८० च्या दशकात उर्दू झाली. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथं शिक्षणाचं माध्यमच उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे त्याआधी शिकलेल्या माणसाची कागदाची भाषा उर्दू, घरची मराठी आणि हिशेबाची कित्येकदा मोडी.

हे पुस्तकात वाचणं वेगळं. माझ्या पहिल्या शाखेत ऐंशीच्या घरातले एक आजोबा पेन्शनसाठी यायचे. धोतर, टोपी, कपाळाला बुक्का, गळ्यात माळ. स्लिपवर सही करताना पेन उजवीकडे टेकवायचे आणि डावीकडे न्यायचे. सही उर्दूत. नव्या क्लार्कने एकदा सही जुळत नाही म्हणून स्लिप परत केली, कारण त्याने कार्ड उलटं धरलं होतं. आजोबा चिडले नाहीत. म्हणाले, "आमच्या वक्ताला शाळाच उर्दू व्हती, बाळा." ते तलाठ्याला शेवटपर्यंत "पटवारी" म्हणत आणि मंडळ अधिकाऱ्याला "गिरदावर". हे दोन्ही शब्द अजून जिवंत आहेत, वहीत लिहा.

कामाच्या चार गोष्टी. जुन्या हैदराबादी कागदांवर फसली साल, म्हणजे महसुलाचं जुनं वर्ष, असतं. त्यात ५९० मिळवा, इसवी सन मिळतं. फसली १३५० म्हणजे १९४०-४१. गावाचं नाव सापडत नसेल तर जुनं नाव विचारा. अंबाजोगाई निजामाच्या कागदात शोधाल तर मिळणार नाही, तिथं मोमिनाबाद आहे. "खासरा" म्हणजे १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक, मराठवाड्यात जमिनीच्या वादात लोक तिथपर्यंत मागे जातात. "मुंतखब" म्हणजे इनामाची चौकशी होऊन निजाम सरकारने दिलेला मान्यतेचा कागद. हा शब्द ऐकलात की थांबा, स्वतः अर्थ लावू नका, वकिलाकडे पाठवा.

आणि उर्दू वाचता येणाऱ्या कोणालाही हे कागद वाचता येतील असं समजू नका. दफ्तरातली अक्षरं शिकस्ता वळणाची, म्हणजे मोडकी, धावती. शाळेतली छापील उर्दू वाचणारा माझा एक सहकारी पहिल्या ओळीतच थांबला. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तहसीलींतली जुनी दफ्तरं निघाली, तेव्हा मोडी आणि जुनी उर्दू वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना एकदम मागणी आली. असा एखादा माणूस तुमच्या तालुक्यात कोण, हे पहिल्या महिन्यात शोधून ठेवा. चहा पाजा, ओळख ठेवा.

७. सीमेवरची नेमणूक असेल तर

देगलूर, बिलोली, धर्माबाद या पट्ट्यात तेलुगू आणि उदगीर, देवणी, निलंगा, उमरग्याकडे कन्नड. देगलूरला तर तेलंगण आणि कर्नाटक दोन्ही हाकेच्या अंतरावर. धर्माबादहून बासरची सरस्वती इतकी जवळ की लोक लेकराला पाटी-पेन्सिल द्यायला तिकडेच जातात.

देगलूरला रुजू झाले त्या दिवशी आम्ही दोघे जण, मी आणि मघाशी सांगितलेला नाशिकचा तो अधिकारी, घर बघायला गेलो. तो इथंही माझ्यासोबत आला होता, नशीब. घरमालकीण दारातून हसून म्हणाली, "रंडी सार, रंडी! कूर्चोंडी!" त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तेलुगूत "रंडी" म्हणजे "या", आदरानं. "कूर्चोंडी" म्हणजे "बसा". हे आधी कोणी सांगत नाही म्हणून मी मुद्दाम सांगतेय. कोणी असं बोलावलं तर निमूट जाऊन बसा.

इथं पूर्ण भाषा शिकायचा संकल्प सोडू नका, पण पहिल्या तीन महिन्यांत दहा शब्दांवर भर द्या. तेलुगूत एंत म्हणजे किती, कावाली हवं, वद्दु नको, कोंचेम थोडं, सरे ठीक आहे. "बागुन्नारा?" बरे आहात ना? माझ्या कामाचं वाक्य "इक्कड संतकं पेट्टंडी", इथं सही करा. आणि सगळ्यात कामाचं, "नाकु तेलुगू रादु", मला तेलुगू येत नाही. हे वाक्य तेलुगूतच म्हटलं की समोरचा हसतो आणि मराठीवर येतो. या पट्ट्यातल्या माणसाला दोन-तीन भाषा येतातच, त्याला फक्त तुमची धडपड दिसायला हवी.

कन्नडमध्ये एष्टु किती, बेकु हवं, बेडा नको, स्वल्प थोडं. उत्तर कर्नाटकाच्या वळणात शेवटी "री" लावला की आदर आला. बर्री म्हणजे या हो, हौद्री म्हणजे होय जी. अप्पा, अण्णा, अक्का तर मराठीत कन्नडमधूनच आलेत. उदगीरला माझ्या घरमालकीण काकू घरात कन्नड, दारात मराठी आणि दूधवाल्याशी दखनी बोलायच्या. रोज रात्री जिन्यातून विचारायच्या, "ऊट आय्ता?" जेवण झालं का? मी म्हणायचे, "आय्तु." दोन वर्षांत आमचं कन्नड संभाषण याच्यापुढे फारसं गेलं नाही, पण ज्या दिवशी मी "इल्ला", नाही, म्हटलं त्या दिवशी दहा मिनिटांत ताट वर आलं.

लिपी जमली तर जरूर शिका. तेलुगू आणि कन्नड लिपी बहिणी आहेत, एक आली की दुसरी निम्मी येते. फायदा बसस्थानकावर. शेजारच्या राज्यांच्या गाड्यांवर पाटी त्यांच्या लिपीत, आणि गाडी सुटायच्या घाईत विचारायला कंडक्टर सापडत नाही.

लातूर-धाराशिवकडे येळवस नावाचा सण आहे, वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. सीमेपलीकडे त्याच दिवसाला एळ्ळ अमावास्ये म्हणतात. त्या दिवशी सगळं गाव शेतात. भज्जी, आंबील, उंडे. लातूरसारखं शहर दुपारी ओस पडतं. वसुलीचा दौरा त्या दिवशी ठेवू नका. मी ठेवला होता. थकबाकीदाराच्या शेतावर पोचले तर त्याने हातात आंबिलीचा तांब्या दिला. नोटीस पिशवीतच राहिली.

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या परिसरात पंजाबी कानावर पडेल, गुरुमुखी पाट्या दिसतील. तिथल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या शीख घरांत मराठी चांगली बोलतात, त्यामुळे वेगळी तयारी लागत नाही.

८. तांड्यावर

बंजारा बोलीला गोरमाटी म्हणतात. ती मराठीची बोली नाही. कान लावून बघा, राजस्थानीच्या जवळची वाटेल. स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात देवनागरीत लिहितात, पलीकडे तेलुगू-कन्नडमध्ये. ते स्वतःला "गोर" म्हणतात आणि तुम्हा-आम्हाला "कोर". हे दोन शब्द ऐकू आले तर विषय तुमचा आहे एवढं समजा.

"जय सेवालाल" म्हणून सुरुवात करा. "तारो नाम कांई छ?" तुझं नाव काय? हे लहान मुलांना विचारा, मोठ्यांना नको. मुलं लाजून पळतात आणि मग त्यांची "याडी", आई, बाहेर येते. तिच्याशी मराठीत बोला. बायकांना मराठी कमी येते हा समज मी घेऊन गेले होते. ऊसतोडीला जाणाऱ्या एका याडीला मराठी, गोरमाटी आणि बेळगावकडच्या फडावर शिकलेली कामापुरती कन्नड, अशा तीन भाषा येत होत्या. कागदावर मात्र "निरक्षर" लिहिलेलं.

तांड्यावर शिक्षक म्हणून जाणार असाल तर एक नक्की. पहिलीतल्या लेकराला तुमची मराठी ही दुसरी भाषा आहे. ते गप्प बसलं तर त्याला येत नाही असं ठरवू नका. माझी जिल्हा परिषदेच्या शाळेतली एक मैत्रीण पहिले दोन महिने मुलांकडूनच गोरमाटी शब्द शिकली. भिंतीवर चित्रं, खाली एका बाजूला गोरमाटी, दुसऱ्या बाजूला मराठी. मुलं तिला चुकली की चुकली म्हणायची. सहावीतल्या एका मुलाने तिची वही तपासून लाल पेनने तीन गुण कापले होते.

९. फोन सगळ्यात शेवटी

समोरच्याचा चेहरा, हात, पिशवीतला कागद दिसला की अर्धी भाषा आपोआप कळते. फोनवर काहीच नसतं, वारा असतो, नाहीतर ट्रॅक्टर. म्हणून पहिले तीन महिने महत्त्वाचं काम फोनवर करू नका, "या, बसून बोलू" म्हणा. करावंच लागलं तर ऐकलेलं पुन्हा म्हणून दाखवा, तारखेसकट, रकमेसकट. आणि भविष्यकाळाकडे लक्ष ठेवा. आपण "मी येईन, मी भरीन" म्हणतो, इथं "मी येईल, मी भरील". वर "मी" बहुतेकदा गाळलेला.

बीडच्या शाखेत असताना मार्च अखेरीला एका थकबाकीदाराला फोन लावला. म्हणाले, "उद्या येईल, मॅडम. पैसे घेऊन येईल."

मी विचारलं, "कोण येईल?"

"येईल की."

"अहो पण कोण? मुलगा येणार आहे का? त्याच्याकडे तुमचं पासबुक द्या."

थोडा वेळ शांतता. मग पलीकडे कोणालातरी म्हणाले, "मॅडमला कळंनाच." आणि मला ओरडून, "मी येईल! मीच! दुसरं कोन येईल?"

दुसऱ्या दिवशी बाराला आले. सोबत मुलगाही होता, पासबुक घेऊन, मी सांगितलं होतं म्हणून. नवं-जुनं करून दोघं दोन वाजताच्या गाडीने गेले.